इंजेक्शनआधीचा महिना

कराडजवळच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. पाच वर्षं पहाटे कंबर आखडून जाग येते, उठल्यावर तासभर वाकता येत नाही. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे मणक्याला सूज आणणाऱ्या संधिवाताचं निदान झालंय. दोन वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या पुरेशा दिवस घेऊन झाल्या, आता डॉक्टरांनी अडालिमुमॅब हे दर दोन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन सांगितलंय. त्याआधीच्या तपासणीत छातीचा एक्स-रे स्वच्छ, पण आयग्रा ही टीबीची लागण शोधणारी तपासणी पॉझिटिव्ह. म्हणून आधी महिनाभर टीबीच्या गोळ्या, मग इंजेक्शन, असं ठरलंय. घरी म्हणतात, ‘टीबी नाही तर टीबीच्या गोळ्या कशाला?’ भाऊ म्हणतो, ‘महिनाभर थांबायचं माझ्यात त्राण नाही, दुसऱ्या डॉक्टरांकडून इंजेक्शन सुरू करतो.’ शिवाय गावात लाइट जाते तेव्हा फ्रिजचं काय, येत्या हिवाळ्यात लग्न धरायचं की नाही, आणि इंजेक्शन ताईंनी दिलं तर चालेल का, हेही विचारलंय.

ताई, तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर केलंय. मी गेली वीसेक वर्षं पुण्यात संधिवाताचे रुग्ण पाहतो. या औषधामुळे अडचणीत आलेले जे रुग्ण माझ्या लक्षात राहिलेत, त्यातले बहुतेक सुई टोचताना चुकले नव्हते. ते पहिल्या सुईच्या आधीच चुकले होते, नाहीतर दोन सुयांच्या मधल्या दिवसांत. म्हणून उत्तराचा मोठा भाग याच महिन्यावर खर्च करतो.

आपल्या शरीरात टीएनएफ नावाचा एक निरोप्या असतो. सूज आणायची, पेशींना बोलावून घ्यायचं, हे त्याचं काम. तुमच्या भावाच्या मणक्यात आणि माकडहाडाच्या वरच्या सांध्यांत हा निरोप्या विनाकारण दवंडी पिटत बसलाय, त्यामुळे तिथे सूज राहते. अडालिमुमॅब त्याला धरून गप्प करतं. कंबर मोकळी होते ती यामुळे, आणि बऱ्याच जणांना फरक पहिल्या दोन-तीन इंजेक्शनांतच जाणवतो.

पण हाच निरोप्या दुसरं एक काम मुकाट्याने करत असतो. लहानपणी कधीतरी, एसटीत, शाळेत किंवा घरातल्याच कुणाच्या खोकल्यातून टीबीचे जंतू आपल्या फुप्फुसात आलेले असतात. शरीर त्यांना मारून टाकतंच असं नाही. पेशींची एक भिंत बांधून त्यांना आत कोंडतं. माणूस धडधाकट राहतो, खोकला नाही, ताप नाही, दुसऱ्याला लागण नाही. याला आम्ही सुप्त किंवा छुपा टीबी म्हणतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत अशी लागण आढळली. म्हणजे तुमच्या भावाच्या वाट्याला काही जगावेगळं आलेलं नाही. एसटीच्या एका बाकावर तिघं बसले तर त्यातल्या एकाच्या अंगात ही कोंडलेली मंडळी असू शकतात. त्यातल्या फार थोड्यांना आयुष्यात कधी खरा टीबी होतो.

ती भिंत उभी राहते टीएनएफच्या जिवावर. निरोप्याला गप्प केलं की भिंतीची डागडुजी थांबते. हे पुस्तकी भय नव्हे. २००१ साली, या गटातलं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध नवं असताना, अमेरिकेतल्या औषध नियामकांकडे आलेल्या टीबीच्या ७० रुग्णांचा अभ्यास छापून आला. निम्म्या रुग्णांत टीबी पहिल्या बारा आठवड्यांतच वर आला होता, आणि निम्म्याहून अधिक जणांत तो फुप्फुसाबाहेर होता. बारा आठवडे म्हणजे नवा संसर्ग नव्हे, जुनीच भिंत ढासळली. तेव्हापासून जगभर हा नियमच झाला: आधी छुपा टीबी शोधा, मग सुई लावा.

आता घरच्यांचा प्रश्न, टीबी नाही तर गोळ्या कशाला. टीबी झाल्यावर चार औषधं एकत्र सुरू करतात ती गोष्ट वेगळी. तुमच्या भावाला द्यायचा आहे तो प्रतिबंधक कोर्स. कोंडलेल्या जंतूंना भिंतीच्या आतच गाठून त्यांची संख्या इतकी खाली आणायची की पुढे भिंत हलली तरी बाहेर यायला कुणी उरू नये. यासाठी आपल्याकडे सर्रास दोन रस्ते आहेत. एक, आयसोनियाझिड रोज, सहा महिने, सोबत पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ जीवनसत्त्व. दुसरा, आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन एकत्र, आठवड्यातून एकदाच, बारा आठवडे. दुसऱ्यात लघवी केशरी-लालसर होते, घाबरू नका. कोणताही रस्ता धरला तरी किमान महिनाभर गोळ्या पोटात गेल्याशिवाय आम्ही अडालिमुमॅब सुरू करत नाही. उरलेला कोर्स इंजेक्शनांबरोबर चालू राहतो. आणि ‘इंजेक्शन सुरू झालं, आता गोळ्या कशाला’ म्हणून कोर्स अर्धा टाकणारे मला दर वर्षी भेटतात. तो पूर्ण करायचा.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. प्रतिबंधक कोर्स देण्याआधी खरा टीबी नाही याची खात्री हवी. खरा टीबी असताना एकच गोळी दिली तर जंतू त्या गोळीला सरावतात. म्हणून डॉक्टर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, मानेतल्या गाठी हे सगळं पुन्हा पुन्हा विचारतील. एक्स-रेवर काही शंका वाटली तर सीटी स्कॅनही सांगतील. तो खर्च काढायला लावला असं मनात आणू नका.

आयग्रा ही रक्ताची तपासणी. लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे ती फसत नाही. हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात ती मँटू चाचणी बीसीजीमुळे कधी कधी फसते. मात्र दोन्ही चाचण्या उलट्या बाजूनेही फसू शकतात: अंगात जंतू असून रिपोर्ट निगेटिव्ह. स्टिरॉइड चालू असणाऱ्यांत हे जास्त होतं. म्हणून मी रुग्णाला विचारतो, ‘कंबरेसाठी कुणाकडून पुड्या घेतल्यात का?’ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली, नाव नसलेली, ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून मिळणारी, दोन दिवसांत चमत्कार करणारी पूड. असा चमत्कार बऱ्याचदा स्टिरॉइडचा असतो. अँकिलोझिंगमध्ये तर पोटातून घेतलेलं स्टिरॉइड मणक्याला फारसं उपयोगीही पडत नाही. घेतली असेल तर लाज न बाळगता सांगा. रागावणं हे आमचं काम नाही, पण रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा ते आम्हाला त्यावरून ठरवावं लागतं. आणि ती पूड एकदम बंदही करू नका, बंद कशी करायची ते विचारूनच.

‘दुसऱ्या डॉक्टरांकडून सुरू करतो’ याबद्दल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सोलापूरकडचा एक तरुण आला होता, तोही असाच घाईला आलेला. त्याने पॉझिटिव्ह रिपोर्ट घरी ठेवला आणि दुसरीकडे जाऊन ‘तपासण्या झाल्यात, सगळं नॉर्मल आहे’ असं सांगितलं. पहिले दोन महिने मजेत गेले, कंबर अशी मोकळी की पोरगा क्रिकेट खेळायला लागला. मग पोट फुगल्यासारखं वाटायला लागलं, भूक मंदावली, संध्याकाळी किंचित कणकण. खोकला अजिबात नाही, म्हणून टीबीचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. निदान झालं तेव्हा पोटात पाणी होतं आणि टीबी पोटाच्या पडद्यापर्यंत पसरलेला होता. इंजेक्शन बंद, टीबीचा पूर्ण कोर्स, त्यात कंबरेने पुन्हा उचल खाल्ली. वाचवलेल्या एका महिन्यापायी दीड वर्ष गेलं. तुमच्या भावाला एवढं वाचून दाखवा.

पहाटे चारला कंबर धरून बसणाऱ्याला ‘थांब’ म्हणणं सोपं नाही हे मला कळतं. या महिन्यात करण्यासारखं बरंच आहे. वेदनाशामक गोळी पूर्ण मात्रेत आणि वेळेवर, रात्रीच्या जेवणानंतरची, म्हणजे पहाटेचा आखडा कमी बसेल. दारू पूर्ण बंद, कारण आयसोनियाझिड आणि दारू दोन्हींचा भार यकृतावर येतो. मळमळ, भूक जाणं, गडद चहासारखी लघवी, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन. व्यायाम रोज. अँकिलोझिंगमध्ये विश्रांतीने कंबर बिघडते आणि हालचालीने सुधारते, इतर पाठदुखीच्या अगदी उलट. सिगारेट असेल तर तीही सोडायला हाच महिना बरा, ती या आजारात मणका लवकर जोडून टाकते.

याच महिन्यात बाकीच्या तपासण्या उरकून घ्या. हिपॅटायटिस बी, ज्याला आपण ब प्रकारची कावीळ म्हणतो, तिची तपासणी दोन भागांत होते: सध्याचा विषाणू आहे का, आणि पूर्वी कधी येऊन गेलाय का. अनेकदा पहिलाच भाग करून सोडतात. दुसरा आवर्जून मागा, कारण झोपलेला विषाणू या औषधाने जागा होऊ शकतो. हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, रक्ताची मोजणी, यकृत आणि किडनी. हृदय कमजोर असेल, पायांना सूज आणि चालताना दम असेल, किंवा मज्जातंतूंवरच्या आवरणाचे आजार, उदाहरणार्थ मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वतःला किंवा जवळच्या नात्यात असेल तर ते आधीच सांगायचं. या गटातली औषधं तिथे टाळतात.

लसी. फ्लूची, न्यूमोनियाची, हिपॅटायटिस बीची, या मेलेल्या जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या लसी. त्या चालतात, आणि इंजेक्शन सुरू होण्याआधी घेतल्या तर जास्त चांगल्या लागू पडतात. कांजिण्या, एमएमआर, पीतज्वर या जिवंत जंतूंच्या लसी अडालिमुमॅब चालू असताना चालत नाहीत. घ्यायच्याच असतील तर सुरू करण्याच्या चार आठवडे आधी. आफ्रिकेत नोकरीसाठी जायचा विचार असेल तर पीतज्वराची लस आत्ताच लक्षात आणून द्या, मागाहून फार पंचाईत होते.

हे औषध काय आहे यावर एक छोटं विषयांतर. ‘अडालिमुमॅब’च्या शेवटचं ‘मॅब’ म्हणजे मोनोक्लोनल अँटिबॉडी. जंतूंशी लढायला शरीर जसं प्रतिपिंड बनवतं तसंच एक प्रतिपिंड, पण प्रयोगशाळेत जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं. ज्या तंत्राने ते शोधलं गेलं त्या फाज डिस्प्लेसाठी २०१८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातला एक वाटेकरी ग्रेगरी विंटर. मूळ औषध ह्युमिरा, अमेरिकेत २००२च्या शेवटच्या दिवशी त्याला मान्यता मिळाली. आणि त्याची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली मिळतीजुळती आवृत्ती आपल्याकडेच निघाली, डिसेंबर २०१४मध्ये, झायडसची एक्झेम्प्टिया. मग इतर कंपन्या आल्या, किमती उतरल्या. मी सुरुवातीला ज्यांना हे औषध नुसतं सांगून परत पाठवत होतो, तसे रुग्ण आता ते घेऊ शकतात. मात्र कंपन्यांच्या किमतींत अजूनही बराच फरक असतो. परवडेल तेच निवडा आणि सुरू केल्यावर डॉक्टरांना न विचारता मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून बदलू नका. बिलावर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर छापून घ्या, बिल फाइलला लावा.

हे प्रथिन आहे, हेच त्याच्या साठवणुकीचं सगळं कारण. अंड्याचा पांढरा बलक तापला की घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही. गोठून वितळलेलं दूधही फाटल्यासारखं दिसतं. हे औषध बिघडलं तर डोळ्यांना बहुतेक वेळा दिसतही नाही, तेवढाच फरक. तापमान हवं २ ते ८ अंश. औषध सुई बसवलेल्या, पेनासारख्या नळीत भरून येतं, तिला पेनच म्हणतात. गोठलेलं पेन वितळवून वापरायचं नाही, फेकायचं.

आपल्या घरात गरमीपेक्षा गोठण्याने जास्त पेनं वाया जातात, हे लोकांना खरं वाटत नाही. एका दारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या खाली एक ट्रे असतो, दुधाच्या पिशव्या ठेवायचा. ‘सगळ्यात गार जागा’ म्हणून एका आजींनी नातवाची दोन पेनं तिथे ठेवली होती. सकाळी पिशवीवर बर्फाचा पापुद्रा. किती हजार गेले ते मी त्यांना सांगितलं नाही, नातवालाही सांगू नको म्हटलं. दार हीही वाईट जागा, दर उघडझापीला तिथे तापमान हलतं. मधला कप्पा, मागच्या भिंतीला न टेकता, मूळ खोक्यातच, कारण औषधाला उजेडही नको. खोकं एका झाकणाच्या डब्यात ठेवा म्हणजे कोथिंबिरीखाली जाणार नाही. दोन-तीनशे रुपयांचा फ्रिजचा थर्मामीटर मिळतो, तो त्याच डब्याशेजारी ठेवून द्या.

लाइट गेली तर पहिलं काम: दार उघडू नका. बंद दारात तीन-चार तास फ्रिज बऱ्यापैकी गार राहतो. त्याहून जास्त वेळ जाणार असं दिसलं, उन्हाळ्यात वादळाने तारा तुटल्यावर दिवस दिवस जातो तसं, तर थर्मासची पिशवी काढा. त्यात बर्फाचे किंवा जेलचे पॅक, त्यावर टॉवेलची घडी, मग पेन. पॅक पेनाला थेट चिकटू देऊ नका, तिथेच ते गोठतं. पुण्याहून कराडला एसटीने आणतानाही हीच पद्धत, आणि पिशवी मांडीवर, डिकीत नाही. गाडीने आलात तर डॅशबोर्डवर ठेवून चहाला उतरायचं नाही. विमानात नेहमी हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

ह्युमिराच्या माहितीपत्रकात २५ अंशांपर्यंत चौदा दिवस बाहेर चालतं असं लिहिलंय. पण ज्या खोलीत हा २५ अंशांचा आकडा बसतो ती खोली मे महिन्यात कराडमध्ये नसते. शिवाय बायोसिमिलरची मुदत कंपनीनुसार बदलते. तुमच्या खोक्यातलं पत्रक वाचा, त्यात असेल तेच खरं. एकदा बाहेर राहिलेल्या पेनावर तारीख पेनाने लिहून ठेवा. शंका आली तर खोक्यावरच्या मदत क्रमांकावर बॅच नंबर आणि किती तास बाहेर होतं ते सांगून विचारा.

आता ताईंचा प्रश्न, मी देऊ का? द्या. पण पहिली दोन इंजेक्शनं दवाखान्यात नर्सच्या देखत, त्यातलं दुसरं तुमच्या हाताने. आणि मनापासून सांगतो, चार-पाच वेळा झालं की भावालाच शिकवा. उद्या तो बंगळूरला नोकरीला गेला तर दर पंधरवड्याला ताई कुठून आणणार?

इंजेक्शन द्यायच्या अर्धा तास आधी पेन बाहेर काढून टेबलावर ठेवायचं, टोपण न काढता. थंडगार औषध जास्त झोंबतं. लवकर व्हावं म्हणून गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये टाकायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. तेवढ्यात हात साबणाने धुवा आणि पेनाच्या खिडकीतून बघा. औषध स्वच्छ पाण्यासारखं हवं. गढूळ असेल, कण तरंगत असतील तर वापरू नका. छोटा हवेचा बुडबुडा असेल तर असू दे. जागा म्हणजे मांडीचा पुढचा भाग किंवा पोट, बेंबीपासून तीन-चार बोटं सोडून. मागच्या वेळी उजवी मांडी असेल तर या वेळी डावी. लाल, काळंनिळं, कडक झालेलं, व्रण असलेलं कातडं सोडून द्या. स्पिरिटने पुसलं की आपोआप वाळू द्या, फुंकर मारायची नाही. ओल्यावर टोचलं की चुरचुरतं आणि लोक म्हणतात औषध झोंबलं.

पेनाचं सुईचं टोक कुठलं ते टोपण काढण्याआधी बघा. हसू नका. शिकलेल्या इंजिनिअरने पेन उलटं धरून स्वतःच्या अंगठ्यात टोचून घेतलेलं मी पाहिलंय. टोक कातडीवर सरळ दाबायचं, बटण दाबलं की ‘टक्’ आवाज येतो. तो आवाज म्हणजे काम संपलं असं नव्हे, तेव्हा ते सुरू झालेलं असतं. इथेच लोक पेन उचलतात आणि अर्धं औषध मांडीवरून ओघळतं. दहा ते पंधरा आकडे शांतपणे मोजा, खिडकीत रंगीत पट्टी पूर्ण आली की उचला. कापूस ठेवून दाबा, चोळू नका. दोन-तीन दिवस थोडी लाली, खाज राहिली तर चालतं, बर्फ लावा. सगळ्या अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर थेट इमर्जन्सीत.

वापरलेलं पेन घरच्या कचऱ्यात नाही. कडक प्लॅस्टिकच्या बरणीत, फिनेलची रिकामी बाटलीही चालते, टाका आणि भरली की पुढच्या भेटीला दवाखान्यात द्या. घंटागाडीवर कचरा उपसणाऱ्या माणसाच्या हातात मोजे नसतात.

दोन सुयांच्या मधल्या दिवसांबद्दल सांगायचं तर एकच नियम पाठ करून ठेवा: ताप असताना इंजेक्शन घ्यायचं नाही, आणि ताप अंगावर काढायचा नाही. अंगात मोठा जंतुसंसर्ग असेल, अँटिबायोटिक चालू असेल तर ते संपून बरं वाटेपर्यंत सुई पुढे ढकला. फोन करून विचारा, पण संशय असेल तर न घेणं सुरक्षित. एक इंजेक्शन आठवडाभर पुढे गेल्याने आजार काही डोक्यावर बसत नाही, हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण दोन आठवडे लागतात. त्याचीच दुसरी बाजू अशी की, ताप आला म्हणून सुई थांबवली तरी औषधाचा असर लगेच ओसरत नाही. म्हणून ‘बंद केलंय ना’ या भरवशावर राहायचं नाही.

आणि ताप कमी असणं म्हणजे आजार कमी, असंही नाही. सूज दाबणारं औषध चालू असताना शरीर ओरडत नाही, कुजबुजतं. न्यूमोनिया असून ९९.५ ताप आणि नुसता थकवा, असे रुग्ण आम्ही बघतो. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालून आल्यावर ताप आला तर लेप्टोची शंका डॉक्टरांना तुम्हीच बोलून दाखवा, कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य ‘मी बायोलॉजिकवर आहे’ हे असू दे (जिवंत पेशींकडून बनवून घेतलेल्या अशा औषधांना बायोलॉजिक म्हणतात). औषधाचं नाव आणि शेवटच्या सुईची तारीख लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, रात्री उशी ओली होणं, विनाकारण उतरलेलं वजन, मानेत-काखेत गाठ, न जाणारी पोटदुखी: प्रतिबंधक कोर्स पूर्ण झाला असला तरी टीबीचा विचार पुन्हा करायचा. घरात किंवा शेजारच्या टेबलावर कुणाला नव्याने टीबी निघाला तर तेही सांगायचं. एकदा केलेला आयग्रा आयुष्यभराचा दाखला नाही.

खाण्यात पथ्य फार नाही. धारोष्ण दूध आणि कच्च्या चिकाच्या गोष्टी मात्र बंद. गोठ्यातलं कितीही प्रेमाचं असलं तरी उकळूनच. वात वाढतो म्हणून वांगं, टोमॅटो, दही सोडलंय असं सांगणारे रोज येतात. याचा इंजेक्शनशी काही संबंध नाही, खा.

डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर ते नुसते डोळे आलेत असं समजून मेडिकलमधून ड्रॉप आणू नका. अँकिलोझिंगमध्ये डोळ्याच्या आतल्या रंगीत पडद्याला सूज येऊ शकते, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. अडालिमुमॅबने हे झटके कमी होतात, शून्य होत नाहीत. दात काढायचा असेल, हर्नियाचं ऑपरेशन असेल तर आधी कळवा. मोठ्या शस्त्रक्रियेआधी एक सुई वगळतो आणि टाके निघून जखम भरली की पुन्हा सुरू करतो.

लग्न. नक्की धरा. अडालिमुमॅब घेणाऱ्या पुरुषाला मूल होण्यात अडचण येत नाही, त्यासाठी इंजेक्शन थांबवायचं नाही. पण त्याला सल्फासालाझिनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी शुक्राणूंची संख्या तात्पुरती कमी होते, ती गोळी बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होते. हे सुनेला दोष लागण्याआधी दोन्ही घरांना माहीत असलेलं बरं. आणि आजार लपवून लग्न करू नका. फ्रिजमधला डबा पहिल्या आठवड्यात दिसणारच आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या ज्या बाईला स्वतःलाच हे औषध चालू आहे तिच्यासाठी एक गोष्ट. गरोदरपणात हे औषध घेता येतं, पण शेवटच्या तीन महिन्यांत ते नाळेतून बाळाकडे जातं. आपल्याकडे बाळ जन्मलं की पहिल्या दिवशीच बीसीजी टोचतात, आणि बीसीजी ही जिवंत लस आहे. आईने शेवटच्या महिन्यांत हे औषध घेतलं असेल तर बाळाची बीसीजी सहा महिने पुढे ढकलायची. प्रसूतीच्या फाइलच्या वरच मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि घरच्या कुणाला तरी पढवून ठेवा, कारण तुम्ही त्या दिवशी सांगण्याच्या अवस्थेत असालच असं नाही.

सुई चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि पुढची मूळ ठरलेल्या तारखेलाच. राहिली म्हणून एकदम दोन नाही. पंधरवड्याची सुई पैशांसाठी परस्पर महिन्यावर नेणारे बरेच असतात. मध्ये मध्ये सोडून पुन्हा धरलं की शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंड बनवू शकतं, मग तेच औषध लागू पडेनासं होतं. बरं वाटल्यावर अंतर वाढवता येतं, पण सहा-आठ महिने आजार शांत राहिल्यावर, डॉक्टरांनी तपासून. पैशाची अडचण असेल तर तीच सरळ बोला. आम्हाला ती ऐकायची सवय आहे, आणि त्यातून कधी कंपनीची सवलत योजना निघते, कधी औषधच बदलतं. टीबीची भीती जास्त असेल तिथे सेक्युकिनुमॅब हा दुसऱ्या गटातला पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. त्यात टीबीचा धोका बराच कमी, पण आतड्याच्या सुजेचा आजार असेल तर ते नको.

तीन महिन्यांनी भेटायला जाताना भावाला सकाळचा आखडा किती मिनिटं राहतो हे पंधरा दिवस वहीत लिहायला सांगा. ‘बरं आहे’ एवढ्यावर आम्हाला काही ठरवता येत नाही. पहिल्या सुईच्या दिवशी मात्र वही नको. बर्फाच्या पिशवीत पेन, हातात आयग्राचा रिपोर्ट, आणि महिनाभरात संपवलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन या. मी असतो तर ती पाकिटं आधी मोजली असती.